निवडीचा अधिकार: नामिए अमुरोची २००१ ते २००८ ही वर्षे

जपानमधील करमणूक व्यवसायात ‘आयडॉल’ आणि ‘गायिका’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जात नाहीत. कोवळ्या वयात निवडलेली, गाणे, नाच, हसणे आणि बोलणे या सगळ्यांचे प्रशिक्षण देऊन तयार केलेली आणि सतत लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवलेली मुलगी म्हणजे आयडॉल. तिने कोणते गाणे म्हणायचे, कोणते कपडे घालायचे, मुलाखतीत किती आणि काय बोलायचे, हे तिची एजन्सी, ध्वनिमुद्रण कंपनी आणि निर्माता ठरवतात. विशी ओलांडली की यांतील बहुतेक मुलींची मागणी ओसरते. काही अभिनयाकडे वळतात, काही दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमांत स्थिरावतात, तर काही लग्न करून बाजूला होतात. या शेवटच्या वाटेला तिथे एक प्रकारची प्रतिष्ठाही आहे. यामागुची मोमोए हिने १९८० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लग्नासाठी गाणे सोडले आणि अखेरच्या मैफलीत मायक्रोफोन रंगमंचावर ठेवून ती आत गेली. ती पुन्हा गायला आली नाही. जपानी प्रेक्षकांच्या मनावर ते चित्र पुढे कित्येक वर्षे कोरलेले राहिले.

या पार्श्वभूमीवर नामिए अमुरो हिचे प्रकरण तपासण्यासारखे आहे. तिने वयाच्या चौदाव्या वर्षी मुलींच्या गटातून सुरुवात केली, एकोणिसाव्या वर्षी देशातील सर्वाधिक खपाची गायिका म्हणून नाव मिळवले, विसाव्या वर्षी लग्न केले, आणि तिशीत जेव्हा ती पुन्हा शिखरावर पोचली तेव्हा तिच्या गाण्याचा पहिल्या यशाशी फारसा संबंध उरला नव्हता. तिच्याविषयीच्या लिखाणात या प्रवासाला सहसा ‘पुनरागमन’ म्हटले जाते. मला तो शब्द दिशाभूल करणारा वाटतो, कारण जिथून ती निघाली होती तिथे ती परत आलीच नाही. मधल्या सात वर्षांत तिच्या व्यवसायात नेमके काय बदलले, ते येथे पाहायचे आहे.

घडवणारे हात

अमुरोचा जन्म २० सप्टेंबर १९७७ रोजी ओकिनावा बेटावरील नाहा या शहरात झाला. ओकिनावा ॲक्टर्स स्कूल या संस्थेचे संस्थापक मासायुकी माकिनो यांनी तिला पाहिले आणि घरची परिस्थिती बेताची असल्याने तिचे शुल्क माफ करून तिला प्रवेश दिला. बसचे पैसे वाचावेत म्हणून ती सुमारे दीड तास चालत तिथे जात असे. सुपर मंकीज नावाच्या गटातून १६ सप्टेंबर १९९२ रोजी तिची पहिली तबकडी निघाली. खप यथातथाच राहिला. जानेवारी १९९५ मध्ये ‘ट्राय मी’ हे युरोबीट (वेगवान युरोपीय नृत्यसंगीत) धाटणीच्या एका परदेशी गाण्याचे जपानी रूप चालले, तेव्हा कुठे तोशिबा ईएमआय या कंपनीच्या हाती काही लागले. त्याच वर्षी तिचे नाव गटापासून वेगळे झाले, गटातील इतर चौघी मॅक्स या नावाने पुढे गेल्या, आणि अमुरो एवेक्स या कंपनीत दाखल झाली. तेथे तिची गाठ तेत्सुया कोमुरो या निर्मात्याशी पडली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कोमुरोची पद्धत म्हणजे एकहाती कारखाना होता. शब्द, चाल, संगीतसंयोजन आणि निर्मिती ही सगळी बहुधा त्याचीच असत. गाणे बाजारात येण्याआधीच एखाद्या जाहिरातीशी किंवा मालिकेशी त्याचा करार झालेला असे. जपानी व्यवसायात याला ‘टाय-अप’ म्हणतात, आणि त्या काळात टाय-अपशिवाय मोठा खप जवळजवळ अशक्य मानला जाई. डिसेंबर १९९५ मधील ‘चेस द चान्स’ने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. मार्च १९९६ मधील ‘डोन्ट वॉना क्राय’ला त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड अवॉर्ड मिळाला. जुलै १९९६ मधील ‘स्वीट नाइन्टीन ब्लूज’ हा संग्रह तेहतीस लाखांहून अधिक खपला. फेब्रुवारी १९९७ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी केलेले ‘कॅन यू सेलिब्रेट?’ हे लग्नाचे गाणे सुमारे तेवीस लाखांवर पोचले आणि जपानी एकल गायिकेच्या सर्वाधिक खपाच्या सिंगलचा मान त्याला मिळाला. सलग दुसऱ्या वर्षी रेकॉर्ड अवॉर्ड तिच्याकडेच आला. १९९७ च्या दौऱ्यात तिने देशातील चार मोठ्या डोममध्ये, म्हणजे छत असलेल्या भव्य क्रीडागारांत, गाणी केली.

या काळात मुली तिच्यासारख्या दिसू लागल्या होत्या. तपकिरी रंगवलेले लांब केस, बारीक भुवया, तोकडा स्कर्ट आणि जाड तळव्यांचे बूट अशा वेशातील मुलींना ‘अमुरा’ असे नाव पडले, आणि १९९६ च्या वर्षातील गाजलेल्या शब्दांच्या यादीत त्याची नोंद झाली. एखाद्या गायिकेच्या नावाचे सामान्यनाम व्हावे, ही मान्यता मोठीच. तथापि त्या मान्यतेत तिच्या स्वरांना कितपत जागा होती, हा प्रश्न उरतोच. लोक जे अनुकरण करत होते ते दिसण्याचे होते, आणि गाणी कोमुरोची होती.

एका वर्षाची रजा

२२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमुरोने पत्रकार परिषद घेऊन टीआरएफ या गटातील नर्तक सॅम याच्याशी लग्न केल्याचे आणि आपण गरोदर असल्याचे जाहीर केले. त्या दिवशी तिने बर्बेरी ब्लू लेबलचा चौकटीचा तोकडा स्कर्ट घातला होता, आणि बातमी छापून येताच तसे स्कर्ट दुकानांतून संपले. त्या काळच्या आयडॉल-व्यवहाराची सगळी गुंतागुंत या एका प्रसंगात दिसते. विसाव्या वर्षी लग्न आणि मातृत्व जाहीर करणे हा आयडॉलसाठी अलिखित नियमांचा भंग होता, आणि भंगाच्या त्या घोषणेतूनही बाजाराने विकण्याजोगी वस्तू उचलली.

तिने १९९८ हे वर्ष रजेचे म्हणून घेतले. मे महिन्यात तिला मुलगा झाला. वर्षअखेरीला ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘कोहाकु उता गास्सेन’ या कार्यक्रमात, ज्यात लाल आणि पांढऱ्या अशा दोन संघांत गायक-गायिकांची चढाओढ चालते आणि जो घराघरांत पाहिला जातो, ती ‘कॅन यू सेलिब्रेट?’ गायला उभी राहिली. गाता गाता तिला रडू आले. कार्यक्रम पाहणाऱ्यांना वाटले असेल की सगळे पूर्ववत झाले.

पूर्ववत काहीच राहिले नव्हते, कारण ती नसतानाच्या त्या बारा महिन्यांत जपानी पॉपसंगीताची घडी बदलली होती. मिसिया, अयुमी हामासाकी, रिंगो शीना आणि अगदी डिसेंबरात आलेली हिकारु उतादा, या सगळ्यांचे पदार्पण १९९८ मधले आहे. उतादा आणि शीना आपली गाणी स्वतः रचत, हामासाकी आपले शब्द स्वतः लिही. निर्मात्याने घडवलेली आणि त्याच्या शब्दांवर चालणारी मुलगी एकाएकी जुनी वाटू लागली. स्वतःचे लिहिते ती खरी कलावंत, ही कसोटी त्या वर्षापासून जपानी श्रोत्यांच्या मनात पक्की झाली असे म्हणता येईल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जपानमधील सीडीचा एकूण बाजार १९९८ मध्येच शिखरावर होता, आणि तेथून पुढे तो उतरत गेला. त्यामुळे अमुरोच्या नंतरच्या घसरणीचा काही भाग तिचा स्वतःचा आणि काही भाग साऱ्या व्यवसायाचा आहे. ही फोड न करता तिचे आकडे वाचले तर निष्कर्ष चुकतात.

१७ मार्च १९९९ रोजी ओकिनावात तिच्या आईची हत्या झाली. तिचे ‘रिस्पेक्ट द पॉवर ऑफ लव्ह’ हे गाणे त्याच दिवशी प्रकाशित झाले होते. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. इतकेच नोंदवायचे की त्यानंतर ती कामावर परतली, आणि पुढील दोन-तीन वर्षांच्या तिच्या निर्णयांकडे पाहताना हा आघात विसरून चालत नाही.

कोमुरोपासून दूर

१९९९ च्या सप्टेंबरात ‘समथिंग बाउट द किस’ आले. त्याची निर्मिती डॅलस ऑस्टिन या अमेरिकी निर्मात्याची होती. जानेवारी २००० मधील ‘जीनियस २०००’ या संग्रहात कोमुरो आणि ऑस्टिन शेजारी-शेजारी आहेत, आणि तो संग्रह आज ऐकताना दोन वेगळ्या घरांत एकच माणूस राहतो आहे असे वाटते. जुलै २००० मध्ये जी-८ राष्ट्रांच्या क्यूशू-ओकिनावा शिखर परिषदेसाठी केलेले ‘नेव्हर एंड’ हे गाणे तिने राष्ट्रप्रमुखांसमोर सादर केले. ते पंतप्रधान केइझो ओबुची यांच्या विनंतीवरून कोमुरोने रचले होते, परंतु ओबुची यांचे मे महिन्यातच निधन झाल्याने त्यांना ते त्या प्रसंगी ऐकता आले नाही. जन्मभूमीत, सरकारी समारंभात, सगळ्या जगासमोर गायचा मान तिला मिळाला. मान मोठा असला तरी गायिका म्हणून तिला पुढची दिशा त्यातून मिळाली नाही, असे माझे मत आहे. असे मान पुष्कळदा शाल-श्रीफळासारखे असतात, ते मिळाले की माणूस आता स्थिरस्थावर झाला असे धरले जाते.

२००१ च्या जानेवारीत कोमुरोबरोबरचे शेवटचे सिंगल निघाले, आणि ऑगस्टमध्ये त्याच्याविना ‘से द वर्ड’ आले. त्याचे शब्द अमुरोने लिहिले होते. १९९८ नंतरच्या कसोटीला उत्तर द्यायचे तर हाच मार्ग सरळ दिसत होता: आपण स्वतः लिहायचे आणि आपण कलावंत आहोत हे सिद्ध करायचे. तिने तो थोडा काळ चालून पाहिला आणि मग सोडून दिला. या प्रकरणातील हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. पुढील बहुतेक गाण्यांचे शब्द तिने इतरांकडेच राहू दिले. उतादा किंवा शीना यांच्या मैदानात उतरून दुय्यम लेखिका होण्यापेक्षा, दुसऱ्याचे गाणे आपल्या गळ्यात आणि अंगात उतरवणारी गायिका म्हणून उभे राहणे तिने पत्करले. फरक इतकाच की कोणाचे गाणे, हे आता ती ठरवणार होती.

या भूमिकेचे महत्त्व मराठी वाचकाला समजायला अवघड जाऊ नये. भावगीताच्या परंपरेत कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा असतो, आणि गायकाने शब्द लिहिले नाहीत म्हणून त्याचे गाणे उसने आहे असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. जपानी पॉपमध्ये मात्र त्या वर्षांत तसे म्हटले जात होते.

उसने नाव

२००२ च्या जुलैमध्ये तिचा घटस्फोट झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस स्वीट शीक या नावाने एक प्रकल्प सुरू झाला. अमुरो, निर्माता र्योसुके इमाई आणि एम-फ्लो या गटातील व्हर्बल हे त्याच्या मुळाशी होते. झीब्रासारखे रॅपर आणि आय हिच्यासारख्या आर-अँड-बी वर्तुळातील गायिका पाहुणे म्हणून त्यात आल्या. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘व्हेन पॉप हिट्स द फॅन’ हा संग्रह आला आणि पाठोपाठ त्याच्या पुनर्मिश्रणांचा दुसरा संग्रह आला. त्यानंतर स्वीट शीक हे नाव थांबले.

हा प्रकल्प काय साधण्यासाठी होता, हे समजून घ्यायला मुखपृष्ठावरचे नाव पुरेसे आहे. तिथे नामिए अमुरो हे नाव मोठ्या अक्षरांत नव्हते. २००३ च्या सुरुवातीला ते नाव म्हणजे एक ओझे होते: त्याला तेवीस लाखांचे गाणे चिकटलेले, लग्न, घटस्फोट आणि मासिकांतील छायाचित्रे चिकटलेली, आणि त्या नावाने जे काही निघेल ते ‘स्वीट नाइन्टीन ब्लूज’शी ताडून पाहिले जाणार हे ठरलेले. दुसऱ्या नावाखाली तिला हिप-हॉप आणि आर-अँड-बीच्या लोकांच्या घरात पाहुणी म्हणून वावरता आले. त्या वर्तुळात आयडॉलला मान नव्हता, पण तिथली माणसे तिच्याबरोबर काम करायला तयार होती.

गाण्यातील फरक ऐकून कळतो. कोमुरोच्या चालींत तिचा आवाज बहुधा उंच पट्टीत, जवळजवळ ताणलेला असे, आणि त्या ताणातच त्यांची उत्कंठा होती. स्वीट शीकमध्ये आवाज खाली येतो, ओळीच्या मागे थोडा रेंगाळतो, श्वास ऐकू येतो आणि तालाच्या फटीत बसतो. गळा तोच आहे, पण आता गाणे त्याच्या मापाने बेतलेले आहे. गायिकेचे वय वाढले म्हणजे तिला संथ, दुःखी, वाद्यवृंदाच्या साथीची गाणी द्यायची, असा जपानी कंपन्यांचा आणि एकूणच पॉपव्यवसायाचा सोपा समज असतो. अमुरो पंचविशीत होती आणि तिने संथ गाण्यांचा मार्ग धरला नाही. तिची प्रौढता लयीत आली. या प्रकरणात ती बाब मी जराशी जास्त ताणून सांगतो आहे असे वाचकाला वाटू शकेल, परंतु त्या आधीचा आणि नंतरचा एकेक संग्रह लागोपाठ ऐकला तर तिची खात्री पटते.

उतरणीचा हिशेब

डिसेंबर २००३ मध्ये तिच्या स्वतःच्या नावाने ‘स्टाइल’ हा संग्रह आला. स्वीट शीकमध्ये जे शिकली ते तिने त्यात उघडपणे वापरले. संग्रहाचा खप सुमारे दोन लाख झाला, म्हणजे साडेसात वर्षांपूर्वीच्या संग्रहाच्या सोळाव्या भागाइतका. बाजार आकुंचन पावत होता हे मान्य केले तरी हा आकडा कोणत्याही कंपनीच्या बैठकीत अस्वस्थता निर्माण करणारा आहे. डोम जाऊन आता दौऱ्यांत दोन-तीन हजार खुर्च्यांची सभागृहे आली. २००३ मध्ये ती ‘कोहाकु’मध्ये सलग नवव्यांदा गायली. त्यानंतर तब्बल चौदा वर्षे त्या मंचावर ती दिसली नाही.

या उतरणीत तिने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे सहकारी बदलायचे थांबवले. नाओ-वाय-एम-टी, तसेच टी. कुरा आणि मिचिको या जोडीबरोबर तिचे काम स्थिर झाले. ही माणसे प्रसिद्ध नव्हती आणि कोमुरोसारखा त्यांचा दबदबाही नव्हता, त्यामुळे गाण्याच्या केंद्रस्थानी कोण, याबद्दल वाद उद्भवत नव्हता. ऑक्टोबर २००४ मधील ‘गर्ल टॉक’, एप्रिल २००५ मधील ‘वाँट मी, वाँट मी’ आणि जुलै २००५ मधील ‘क्वीन ऑफ हिप-पॉप’ हा संग्रह याच सहवासातून आले. संग्रहाच्या नावातील ‘हिप-पॉप’ हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. आपण हिप-हॉपच्या आहोत असा दावा ती करत नाही, कारण तो दावा त्या वर्तुळाने खोडून काढला असता. आपण पॉपच्या आहोत आणि ती भाषा उचलली आहे, इतकेच ती म्हणते. एका अक्षराच्या बदलात तिने आपली जागा नेमकी सांगितली. हा संग्रह चार लाखांच्या पलीकडे गेला.

दुसरी गोष्ट रंगमंचावरची. या वर्षांत तिच्या मैफलींतून बोलणे नाहीसे झाले. जपानी पॉपमैफलीत दोन गाण्यांमधील गप्पांना ‘एमसी’ म्हणतात आणि आयडॉलच्या बाबतीत त्या गप्पा हाच निम्मा कार्यक्रम असतो: आज जेवायला काय होते, कालचा प्रवास कसा झाला, तुम्हा सगळ्यांना किती दिवसांनी भेटते आहे, वगैरे. चाहता तिकीट घेतो ते पुष्कळदा या जवळिकीसाठी. अमुरोने ती काढून टाकली. साधारण दोन तासांचा कार्यक्रम, तीसच्या घरात गाणी, मध्ये कपडे बदलण्यापुरते चित्रफितींचे तुकडे, आणि जवळजवळ सर्व काळ नाचत गाणे. अखेरीस आभाराचे दोन शब्द. पाहायला जाणाऱ्याला तिच्या आयुष्याविषयी काही कळत नसे. तिच्या दमाविषयी, तालाविषयी आणि तिने निवडलेल्या गाण्यांविषयी मात्र सगळे कळत असे.

हे मौन स्वभावातून आले की धोरणातून, यावर वाद घालता येईल. ती मूळची अबोल आहे असे म्हटले जाते. माझ्या दृष्टीने कारण काही असले तरी परिणाम महत्त्वाचा आहे, कारण आयडॉल म्हणून तिच्याकडून जी मुख्य वस्तू अपेक्षित होती, म्हणजे सतत उपलब्ध असलेली व्यक्ती, तीच तिने बाजारातून काढून घेतली. एक विचित्र योगही यात आहे. लग्न, मूल आणि घटस्फोट यांमुळे आयडॉल म्हणून तिचे मोल संपले असे १९९७ पासून अनेकांनी गृहीत धरले होते. त्या गृहीतकामुळेच तिच्याकडून कोवळेपणाचे नाटक मागणारे कोणी उरले नाही. अविवाहित राहून तिशीपर्यंत तिने जुना मार्ग चालू ठेवला असता, तर हा मोकळेपणा इतका लवकर मिळाला नसता.

या साऱ्याला एक भौतिक आधारही होता, आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोन लाखांच्या संग्रहानंतर आणखी दोन संग्रह काढू देण्याइतका धीर एवेक्सला होता, कारण त्याच गायिकेने आधी त्या कंपनीला लाखोंचे खप मिळवून दिले होते. नव्वदच्या दशकात ज्या मुली तिच्याबरोबर आल्या पण ज्यांच्या नावावर असा साठा नव्हता, त्यांना पाच वर्षे चाचपडण्याची मुभा कोणी दिली नसती. म्हणून हा मार्ग कोणालाही उचलता येण्याजोगा नमुना आहे असे मी म्हणणार नाही.

ज्या गाण्यांना कोणी विचारले नव्हते

जून २००७ मधील ‘प्ले’ हा संग्रह ऑरिकॉनच्या, म्हणजे जपानमधील विक्रीच्या क्रमवारीच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर आला. ‘जीनियस २०००’ नंतर सात वर्षांनी तिचा मूळ संग्रह तिथे पोचला होता, आणि खप पाच लाखांच्या पलीकडे गेला. मार्च २००८ मध्ये ‘सिक्स्टीज सेव्हन्टीज एटीज’ हे तीन गाण्यांचे सिंगल निघाले. विदाल ससून या केसांच्या उत्पादनाच्या जाहिरातीशी ते जोडलेले होते. तिन्ही गाणी तीन दशकांतील अमेरिकी गाण्यांच्या तुकड्यांवर उभी होती: सत्तरच्या गाण्यात अरेथा फ्रँकलिनचा तुकडा, ऐंशीच्या गाण्यात आयरीन कारा हिच्या प्रसिद्ध चित्रपटगीताचा, साठच्या गाण्यात सुप्रीम्सचा. जाहिरातीतली केशरचना ऑर्लांडो पिटाची आणि वेशभूषा पॅट्रिशिया फील्डची होती. सिंगल पहिल्या क्रमांकावर आले. याआधीचे पहिल्या क्रमांकाचे सिंगल डिसेंबर १९९८ मधील होते, म्हणजे मध्ये नऊ वर्षे आणि तीन महिने गेले होते.

टाय-अप हे तेच जुने यंत्र आहे, हे येथे नोंदवायला हवे. बारा वर्षांपूर्वी याच यंत्राने तिला वस्तू बनवले होते. आता त्यातून येणाऱ्या गाण्याचा पोत, ताल आणि दृश्य तिच्या अलीकडच्या कामाशी जुळलेले होते. यंत्र बदलले नव्हते. त्यात काय घालायचे हे सांगणारा हात बदलला होता.

३० जुलै २००८ रोजी ‘बेस्ट फिक्शन’ हा निवडक गाण्यांचा संग्रह आला. सलग सहा आठवडे तो पहिल्या क्रमांकावर राहिला आणि पंधरा लाखांच्या पलीकडे गेला. विशीच्या आत, विशीत आणि तिशीत दहा लाखांपलीकडे खपलेला संग्रह असलेली ती पहिली जपानी गायिका ठरली. हे आकडे सर्वत्र सांगितले जातात. त्यांच्यामागची यादी मात्र फारशी कोणी वाचत नाही. या संग्रहात कोमुरोचे एकही गाणे नाही. ‘शाइन मोअर’, ‘पुट एम अप’, ‘सो क्रेझी’, ‘अलार्म’, ‘गर्ल टॉक’, ‘वाँट मी, वाँट मी’ अशी २००२ ते २००८ या काळातलीच गाणी त्यात आहेत, म्हणजे ज्यांतली बहुतेक स्वतंत्रपणे निघाली तेव्हा काही दशसहस्रांतच खपली होती. त्यांनाच एकत्र बांधल्यावर पंधरा लाख लोकांनी विकत घेतले. श्रोत्यांनी मागे वळून तिची पडती वर्षे उचलली, आणि त्या वर्षांचे गाणे पडते नव्हते हे त्यांना तेव्हा कळले.

अॅनिमेशनपटांमुळे जपानी गाणी ऐकू लागलेल्या आपल्याकडील तरुण श्रोत्यांना ‘इनुयाशा’च्या अखेरीस वाजणारे ‘कम’ आठवत असेल. २००३ मधले ते गाणे याच काळातले आहे, आणि कोमुरोच्या अमुरोपेक्षा ही अमुरोच त्यांच्या ओळखीची आहे.

पुढची दहा वर्षे, थोडक्यात

यानंतरचा काळ निवडीचा अधिकार वापरण्याचा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगता येतो. २०१२ मध्ये कारकिर्दीच्या विसाव्या वर्षानिमित्त तिने पाच डोममध्ये दौरा केला. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला ओकिनावात ठरलेली मैफल वादळामुळे रद्द झाली आणि ती उणीव पाच वर्षांनी, २०१७ च्या सप्टेंबरात, गिनोवान येथे भरून निघाली. जानेवारी २०१५ मध्ये ती सुरुवातीपासूनच्या एजन्सीतून बाहेर पडली आणि एवेक्सच्या अंतर्गत डायमेन्शन पॉइंट या स्वतंत्र नाममुद्रेवर गेली. गाण्याच्या निवडीचा हक्क तिने दहा वर्षांपूर्वीच मिळवला होता, तो आता कागदावर आला असे म्हणता येईल.

त्या वर्षीच्या ‘जेनिक’ या संग्रहात हात्सुने मिकू या संगणकी आवाजाबरोबरचे एक गाणे आहे. ‘गोल्डन टच’ या दुसऱ्या गाण्याच्या चित्रफितीत प्रेक्षकाला पडद्याच्या मध्यभागी बोट ठेवायला सांगितले जाते. मग त्या बोटाभोवती वस्तू येतात, काही दाबल्या जातात, काही थांबतात, काही फिरतात, आणि पाहणाऱ्याला आपणच हे घडवतो आहोत असा भास होतो. मोबाइलवर ती पाहताना आपले बोट किती वेळ तिथे राहिले याचे भान राहत नाही. चाहत्यांशी गप्पा न मारणाऱ्या गायिकेने त्यांना दिलेला हा जवळिकीचा प्रकार, माझ्या मते, तिच्या विनोदबुद्धीचा उत्तम नमुना आहे.

२० सप्टेंबर २०१७ रोजी, चाळिसाव्या वाढदिवशी, तिने पुढील वर्षी १६ सप्टेंबरला निवृत्त होण्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘फायनली’ या बावन्न गाण्यांच्या संग्रहात कोमुरोच्या काळातली गाणीही होती, मात्र जुनी बहुतेक गाणी तिने चाळिशीच्या आवाजात पुन्हा गाऊन घेतली होती. त्यामुळे ‘कॅन यू सेलिब्रेट?’ एकदा तरी तिच्या पट्टीत, तिच्या चालढालीने नोंदवले गेले. संग्रह वीस लाखांच्या पुढे गेला. त्या वर्षअखेरीस चौदा वर्षांनंतर ती ‘कोहाकु’च्या प्रसारणात पाहुणी म्हणून आली आणि ‘हीरो’ हे रिओ ऑलिंपिकच्या प्रसारणासाठी केलेले गाणे गायली. अखेरचा दौरा ३ जून २०१८ रोजी टोकियो डोममध्ये संपला.

१६ सप्टेंबर २०१८ नंतर ती कोणत्याही मंचावर दिसलेली नाही. तिचे संकेतस्थळ बंद झाले, आणि २०२३ च्या अखेरीस तिची गाणी संगीत-प्रवाहाच्या सेवांवरूनही काढली गेली. त्यानंतर ‘बेस्ट फिक्शन’ ऐकायचे तर सीडी शोधावी लागली.